हालिनाचं मराठी

"आई, परत सांगा. गुरुवारी कुठे?" ऋताने फोनवर विचारलं.

"पूल जवळ," हालिना म्हणाली.

"पुलाजवळ."

"पुलाजवळ. सकाळी सहा. निळा गाडी."

"निळी गाडी."

अमेरिकेतल्या श्रूजबरीत रविवारची सकाळ होती, बेलारूसमध्ये दुपार. अलेस बायकोच्या शेजारी बसून ऐकत होता. लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्याचं मराठी 'जेवलीस का'च्या पुढे सरकलं नव्हतं. त्याची आई हालिना मात्र तीन वर्षांत बोलायला लागली होती.

तिकडे तीस वर्षं एकाच माणसाची सत्ता होती. मोर्च्यात मार खाल्लेल्या दोन विद्यार्थिनींना हालिनाने घरात लपवलं, तेव्हापासून तिला देश सोडायला बंदी होती. तिचा फोनही ऐकला जायचा. अलेस भेटायला गेला असता, तर विमानतळावरच उचलला गेला असता.

मराठीची आयडिया ऋताची. "त्यांना रशियन येतं, इंग्लिश येतं. मराठी कुणाला येणार, यार?"

हालिना इंग्लिशची निवृत्त शिक्षिका. सुनेची भाषा शिकायची हौस आहे, असं ती शेजाऱ्यांना सांगायची. धडे फोनवरच, इंग्लिशमधून सुरू झाले. आधी भाज्या, मग नाती, मग वार, वेळ, रस्ते. चुकलं की ती तेच वाक्य दहादा म्हणायची. "आमच्या लेकीला, अनिकाला येत नाही एवढं तुझ्या सासूला येतं गं," इथल्या मराठी मंडळातल्या मृणालिनीकाकू कौतुकाने म्हणायच्या.

आता सगळं ठरलं होतं. अलेसचा मित्र पुलाजवळ गाडी घेऊन येणार होता. तिथून सीमा चाळीस मिनिटांवर.

"भीती वाटते का, आई?"

"नाही. सामान छोटं आहे."

ऋता हसली. तिलाही भीती वाटत नव्हती. फोन ऐकणाऱ्याच्या पदरात तीन वर्षांत एक शब्दही पडला नसणार, याची तिला खात्री होती.

"मग पोचलात की लगेच फोन करा."

"थांबा," फोनमधून एका पुरुषाचा आवाज आला.

अलेस ताडकन उभा राहिला. "कोण आहे?" पलीकडून हालिनाने विचारलं.

"पुलावर जाऊ नका," तो माणूस एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाला. "गुरुवारी तिथे पोलीस आहेत. मला जंगलातली वाट माहीत आहे. आई, मी पण तुमच्याबरोबर येते."