थ्री-नॉट-थ्री

शनिवारी सकाळी अकरा वाजता संग्रामनं अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावाजवळच्या बंदुकांच्या दुकानात वडिलांपुढे दोन जुन्या लष्करी रायफली ठेवल्या. एक अमेरिकी गॅरंड, दुसरी थ्री-नॉट-थ्री. महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले भानुदास, पत्नी गेल्यावर नागपूरचं घर विकून कायमचे मुलाकडे आले होते. त्यानंतर आज प्रथमच ते मोकळे बोलत होते.

“बाबा, मला गॅरंड आवडलीय. सेमी-ऑटोमॅटिक आहे.”

“आळशी माणसाची रायफल ती.” त्यांनी थ्री-नॉट-थ्री उचलली, चेंबर रिकामं असल्याची खात्री केली आणि दस्ता खांद्याला लावला. “ही घे. बोल्ट कसा ओढायचा ते मी शिकवतो.”

संग्रामनं लगेच कार्ड काढलं. यापुढे दर शनिवारी बापलेकांनी रेंजवर जायचं, हेही त्यानं मनात ठरवून टाकलं.

“आणि त्या दुकानदाराला विचार, हिची गोळी नसलेली, नुसत्या आवाजाची काडतुसं मिळतात का.”

संग्राम हसला. “बाबा, तसल्या काडतुसांनी टार्गेटला भोक कसं पडणार यार?”

भानुदासांनी रायफल अलगद काउंटरवर ठेवली.



“मी गेल्यावर पलटणीतलं कुणी सलामीला इथवर यायचं नाही रे. हवेतल्या त्या तीन फैरी तुलाच झाडाव्या लागतील.”