आईला गाडी लागते

शोरूमची गाडी अजून जागची हलली नव्हती, तोवर मागच्या सीटवर चतुराबाईंनी लिंबाची फोड नाकाला लावली. दुसऱ्या हातात कॅरीबॅग तयार होती. पुढं कृष्णाच्या शेजारी बसलेल्या सेल्समन धम्मपालचा जीव नव्याकोऱ्या सीटकव्हरात अडकला. पण गिऱ्हाइकाच्या आईला बोलायचं कसं?

चतुराबाईंना गाडी लागते, हे सगळ्या भावकीला माहीत. गोळ्या झाल्या, आवळासुपारी झाली, बुडाखाली पेपर घेऊन बसून झालं. एष्टी म्हणू नका, जीप म्हणू नका, बाईंचं पोट कुणाचं ऐकत नाही. मोटारसायकलवर मात्र खुशाल बसतात. आजही वाळूजहून छावणीमार्गे लेकाच्या मागं बसूनच आल्या होत्या. पण मोटारसायकलवर या वयात फर्दापूरपर्यंत कोण नेणार? तिथं त्यांची सोनिया दिलेली. तीन वर्षं झाली लग्नाला, आईनं लेकीचं घर बघितलं नव्हतं. नात चालायला लागली, तेही मोबाइलवरच पाहिलं. सोनिया फोनवर रडायची आणि चतुराबाई म्हणायच्या, गुडघे दुखतेत गं. म्हणून तर कृष्णा गाडी घेत होता.

आता या कृष्णाचीही गंमत ऐका. कंपनीत नोकरीला लागल्यापासून पोराच्या डोक्यात एकच गाडी, आणि तिचंही स्पोर्ट मॉडेल. मोठं इंजिन, रुंद टायर, आवाज असा की लोकांनी वळून बघावं. साध्या मॉडेलपेक्षा तीन लाखांनी महाग. तो रोज मनाशी विचारायचा, एवढे जास्तीचे देऊन माणूस घेतो काय? सिग्नल सुटल्यावरचा दोन सेकंदांचा आनंद. वर सस्पेन्शन इतकं कडक, की रस्त्यातला खडासुद्धा कंबरेला कळतो. साधं मॉडेल नरम. आईला नरमच बरं, असं सगळेच म्हणाले. कृष्णानं मनावर दगड ठेवला आणि नरम गाडी पसंत केली. आज आईला बसवून बघायचं आणि बुकिंग करून टाकायचं, एवढंच उरलं होतं.

जालना रोड सोडून गाडी हर्सूलकडं निघाली. खड्डे आले कधी, गेले कधी, कळत नव्हतं.

“बघ माय, पाळण्यावानी हाय का नाय?”

चतुराबाईंनी नुसती मान हलवली. हर्सूल यायच्या आत त्यांनी काच वाजवली. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली त्या ओकल्या. कृष्णा पाठ चोळत उभा राहिला. त्याचं तोंड आईपेक्षा जास्त उतरलं होतं.

“गाडीचं काय चुकलं नाय रे,” चूळ भरून त्या म्हणाल्या. “माह्याच नशिबात लेकीचं दार नाय. सोनियाला म्हणावं, माय लई थकली.”

काचा उघड्या टाकून सगळे शोरूमला परतले. धम्मपालनं चहा-बिस्किटं मागवली. भला पोरगा. बाहेर स्पोर्ट मॉडेल उभं होतं. कृष्णा मुद्दाम त्याच्याकडं पाठ करून बसला होता. आईला ते दिसलं. आयांना असलं बरोबर दिसतं.

“ती चालवून बघ ना.”

“राहू दे माय.”

“आता राहू दे कशाला? मला तर कोणतीच चालत नाय. मंग तुला आवडती ती तरी घे. चल, मीबी बसते.”

नको नको म्हणेपर्यंत त्या जाऊन बसल्यासुद्धा.

मागं काचेची बरणी ठेवल्यासारखी कृष्णानं गाडी दबकत काढली. तरी रस्त्याचा प्रत्येक सांधा लागत होता. प्रत्येक हादऱ्याला त्याला स्वतःची लाज वाटत होती. हर्सूल मागं पडलं.

“ही बरी हाय रे,” मागून आवाज आला. “ती नुसती डुलत व्हती, पोटातलं पाणी हलत व्हतं. ही हादरती, पर डुलत नाय. मोटारसायकलवानी हाय.”

कृष्णाला गलबलून आलं. उपाशी राहून जेवले म्हणणारी बाई ही. लेकाची हौस ओळखली आणि आता त्याच्यासाठी पोटातली कालवाकालव गिळून बसली.

“खोटं नको बोलू माय. मी नरमच घेतो.”

“पळव जरा,” एवढंच त्या म्हणाल्या.

खरं-खोटं करायला त्यानं गाडी सरळ चौक्याच्या घाटाला घातली. शेजारी बसलेल्या धम्मपालनं घड्याळ बघितलं. वळणामागून वळणं गेली आणि मागचा आवाज बंद झाला. कृष्णानं आरशात पाहिलं, आई धड दिसेना. एका अंगाला कलली होती. घाट संपताच त्यानं गाडी कडेला घेतली आणि धावत जाऊन मागचं दार उघडलं.

चतुराबाई गाढ झोपल्या होत्या. तोंड अर्धवट उघडं, बारीक घोरणं चालू. डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला होता. परक्या पुरुषासमोर आईचं उघडं डोकं कृष्णानं जन्मात पाहिलं नव्हतं. तापानं फणफणलेली असली तरी कुणी आलं की तिचा हात आधी पदराकडं जायचा. एवढं सोंग तिला जमणारं नव्हतं. धम्मपालनं हळूच तोंड दुसरीकडं फिरवलं.

“हीच घ्यायची,” कृष्णा त्याच्या कानाशी लागून म्हणाला. मग आवाज न करता दार लावलं, चार पावलं लांब गेला आणि फर्दापूरला फोन लावला.

“सोनिया, गाडी मिळाली की माय येती तुह्याकडं.”

“थट्टा नको करू दादा. तिला फोन दे.”

“झोपलीय.”

“भर दिवसाची? कुठं?”

“गाडीत,” कृष्णा म्हणाला.