उरलेल्या सात

हिवतापावर चाळीस वर्षं संशोधन करून, देशोदेशीचे विद्यार्थी घडवून आजी निवृत्त झाल्या होत्या. आता सूक्ष्मदर्शक डोळ्यांना झेपत नव्हता. म्हणून नातीच्या रक्ताची काच दवाखान्यातली तंत्रज्ञ मुलगी तपासत होती. एकेक जागा पाहून झाली की हातातला मोजणीचा खटका दाबायची: टिक. पन्नास झाल्या. तापाने फणफणलेल्या लेकीला थोपटणाऱ्या सुनेचा धीर सुटला. "काही नाही ना?" "शंभर पाहिल्याशिवाय मी 'नाही' म्हणत नाही, ताई. सरांची शिस्त. त्यांना त्यांच्या बाईंनी लावलेली. फार खडूस होत्या म्हणे!" सुनेने सासूकडे पाहिलं, आजींनी ओठांवर बोट ठेवलं. त्र्याण्णवला खटका थांबला. "सापडला जंतू! औषध लगेच सुरू करू." आजींनी तिचा हात धरला. "उपकार झाले, पोरी!" मग राहवलं नाही: "उरलेल्या सातही बघ हं." मुलीने चमकून वर पाहिलं. "बाई?"