एकतिसावा दिवस

"पिवळं रेशन कार्ड आहे का, मावशी?" हवालदार नंदकुमारने अर्जावरून नजर न काढता विचारलं.

"केशरी आहे," जानकीमावशी म्हणाल्या. "का?"

"पिवळं असतं तर कागद फुकट मिळाले असते. आता पानाला दोन रुपये पडतील." त्याने अर्ज पुन्हा एकदा वाचला. शाळेजवळच्या नाक्यावर गेल्या दहा वर्षांत झालेल्या सगळ्या अपघातांच्या फिर्यादी आणि पंचनामे. "दोन हजारांच्या आसपास पानं होतील बघा."

मावशींनी मनातल्या मनात हिशेब केला. एवढे पैसे त्यांच्या पेन्शनीतून निघणारे नव्हते. पण अर्ज मागे घ्यायला त्या आल्या नव्हत्या.

चारकोपच्या पालिकेच्या शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं सेविका म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावरही शाळा सुटायच्या वेळी त्या नाक्यावर उभ्या राहायच्या, हात आडवा करून डंपर थांबवायच्या आणि पोरांना पलीकडे न्यायच्या. फेब्रुवारीत त्यांना ताप आला. दोनच दिवस त्या गेल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तिसरीतल्या प्रियंकाचा पाय टेम्पोखाली आला. पाय वाचला, पण पोर अजून लंगडत होती.

सिग्नल मागायला मावशी पालिकेत गेल्या. तिथले इंजिनीअर भले होते. म्हणाले, "एका अपघातावर सिग्नल मिळत नाही हो. पोलिसांकडचं दहा वर्षांचं रेकॉर्ड आणा, पुढचं मी बघतो."

म्हणून हा माहिती अधिकाराचा अर्ज. तो लिहून दिला होता शेजारच्या श्वेताने. ती वकिली शिकत होती.

नंदकुमारने शिक्का मारून पावती पुढे केली. "सांभाळून ठेवा. तारीख नीट उमटलीय ना, बघून घ्या."

तारीख होती चार जून.

वीस जूनला मावशी पुन्हा पोलीस ठाण्यात गेल्या. नंदकुमार टेबलाशीच होता.

"झालं काय हो काम?"

"बघतो."

"बघतो म्हणजे? काढलेत का कागद?"

"मावशी, कामं का थोडी आहेत इथे?" त्याने रजिस्टर ओढलं आणि लिहायला लागला.

दोन जुलैला त्या परत गेल्या. या वेळी तो डबा उघडून बसला होता.

"पाच तारखेनंतर या," तो म्हणाला.

"अहो, तोवर महिना उलटेल! शाळा सुरू झाल्यात. पोरं रोज त्याच रस्त्यावरून जातात."

"उलटू दे," तो म्हणाला आणि चपातीचा तुकडा मोडला.

मावशी तणतणत घरी आल्या. "श्वेता, ह्या माणसाक लाज म्हणान नाय गो! दारात उभ्या म्हातारीक बस म्हणूक नाय."

मग पत्र आलं. पानं एक हजार नऊशे चाळीस, तीन हजार आठशे ऐंशी रुपये भरून प्रती घेऊन जाव्यात. मावशींनी कपाळाला हात लावला. श्वेताने मात्र पत्र वाचलं आणि ती उडालीच.

"मावशी, तारीख बघ ना यावर! पाच जुलै. आपण अर्ज कधी दिला? चार जूनला. एकतिसावा दिवस!"

"मग?"

"तीस दिवस उलटले की त्यांना एक पैसा मागता येत नाही. सगळं फुकट द्यावं लागतं. कायदाच आहे तसा. अपील करू या, झकास जिंकू!"

अपिलाची सुनावणी ऑगस्टमध्ये लागली. सहायक आयुक्त मॅडमनी पावती पाहिली, पत्र पाहिलं आणि नंदकुमारकडे वळल्या.

"उशीर का झाला?"

"माझ्याकडून राहिलं, मॅडम."

"काही कारण?"

"कारण काही नाही."

मावशींनी दोन दिवस पाठ केलेलं भाषण तोंडातच राहिलं. मॅडमनी तिथल्या तिथे आदेश दिला. सगळ्या प्रती आठवड्यात, विनाशुल्क. आणि नंदकुमारला लेखी ताकीद, तीही सर्व्हिस बुकात नोंदवून.

जिन्यावर तो भेटला तेव्हा मावशींना थोडं वाईट वाटलं, पण त्यांनी सुनावलंच. "हवालदार, पुढच्या वेळी कुणाला असं रखडवू नका हो."

"नाही रखडवणार," तो म्हणाला आणि त्यांना उतरायला वाट करून दिली.

आठवडा संपायच्या आत गठ्ठे मिळाले. पाच गठ्ठे. नंदकुमारनेच ते उचलून रिक्षात ठेवले. मावशींनी दोन्ही हातांनी ते घरापर्यंत धरून ठेवले. त्या रात्री त्यांना कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

गठ्ठे पालिकेत पोचले. पाहणी झाली. सप्टेंबरच्या शेवटी इंजिनीअरनी मावशींना बोलावून घेतलं. "एक्केचाळीस अपघात, सात मृत्यू. एवढं पुरलं. सिग्नल मंजूर झालाय, मावशी. दिवाळीच्या आत लागेल."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. इंजिनीअरनी चहा मागवला आणि गठ्ठे परत त्यांच्यापुढे ठेवले.

"पोलिसांनी मात्र तुमचं काम हातोहात केलं हो. आम्हाला इतक्या लवकर कधी देत नाहीत."

"हातोहात?" मावशी हसल्या. "दोन महिने भांडलेय मी! अपील करून मिळवलेत हे कागद. त्या हवालदाराला चांगली अद्दल घडली."

इंजिनीअरना काही कळेना. त्यांनी वरचं पान फिरवून मावशींच्या समोर धरलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मावशींनी चष्मा सारखा केला. ते पान पाहिलं. मग दुसरं पाहिलं. मग शेवटचा गठ्ठा सोडून त्यातलं अगदी तळातलं पान काढलं. प्रत्येक पानावर 'खरी प्रत' असा जांभळा शिक्का होता, शिक्क्याखाली नंदकुमारची बारीक सही, आणि सहीखाली एकच तारीख. बारा जून.