गार होईपर्यंत

"हात थांबवू नकोस. थांबलीस की गेलं," सासरे म्हणाले आणि गरम हवेचा झोत सोडणारी हीट गन सुरू करून त्यांनी ती सुनेच्या हातात दिली.

होडी पाण्याबाहेर ठोकळ्यांवर उभी होती. जुनी शिडाची होडी, पण सासऱ्यांनी डेक असा घासूनपुसून ठेवला होता की पाय ठेवताना चप्पल काढावीशी वाटावी. रया गेली होती ती काळ्या प्लास्टिकची. हवेची झाकणं, दोर अडकवायचे चाप, शीड ताणायचा लोखंडी दांडा ठेवायचा खिसा, सगळं उन्हाने खाऊन राखेसारखं पांढुरकं झालं होतं. नवं मिळत होतं, पण नवं म्हटलं की सासऱ्यांच्या कपाळावर आठी. "मेलंय ते फक्त वरवर. आत अजून काळंच आहे," असं ते विचारणाऱ्याला सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत.

दरवर्षी डेकची कामं ते एकटे करायचे. यंदा गुडघ्यांनी संप पुकारला होता. तो संप अर्थातच त्यांना मान्य नव्हता. "तुला शिकवतोय," असं म्हणून ते डेकवरच उलट्या बादलीवर बसले होते.

सुनेने सगळं साबणाने धुतलं होतं, बारीक पॉलिश पेपर फिरवला होता, भोवतीच्या डेकवर कागदी टेप चिकटवली होती. आता गरम हवा फिरली की पांढुरका थर नाहीसा होई आणि खालून ओला वाटावा असा काळा रंग वर येई. पहिलं झाकण झालं तेव्हा दोघंही खुशीत हसली.

पण सुनेला आज हे शिकायचं नव्हतं, सांगायचं होतं. सकाळपासून शब्द ओठांवर येत होते आणि ती ते गिळत होती. तिचा नवरा, म्हणजे ह्यांचा एकुलता एक मुलगा, आजारपणात गेला. त्यानंतरही ती दर रविवारी इथे येत राहिली, आणि ह्या माणसाने एकदाही तिला परकं वाटू दिलं नाही. आता ती लग्न करणार होती. दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी तिनेच सांगायला हवं होतं. सांगितल्यावर हे रविवार उरतील की नाही, हे तिला कळत नव्हतं.

ती दांड्याच्या खिशापाशी आली. कड काळी होऊ लागली.

"बाबा, मला जरा..." ती म्हणाली, आणि हात थांबला.

आधी वास आला. मग खिशाची कड मेणासारखी लवली आणि आत दुमडली.

"काढ, काढ गन!" गुडघे विसरून सासरे खाली बसले. हातमोजे चढवून त्यांनी दुमडलेली कड बाहेर ओढली, लोखंडी दांडा आत खुपसला आणि मऊ प्लास्टिक त्याच्याभोवती दाबून धरलं. "मोजे आहेत ना हातात? मग त्या बाजूने तू धर."

तिने धरलं. "वाट लावली मी."

"काही वाट लागलेली नाही. गार होईपर्यंत हलायचं नाही, बस्स." मग तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "तोवर बोल. नाहीतरी दोघंही अडकलोय."

तिने सांगितलं. जमेल तसं, मागचं पुढे नि पुढचं मागे. तो शाळेत शिकवतो. त्याला सगळं ठाऊक आहे, तुमच्याबद्दल, होडीबद्दल. शेवटी ती बोलून गेली, "तुम्ही नको म्हणालात तर..." पण ते नको म्हणाले तर काय करायचं हे तिने ठरवलंच नव्हतं.

सासऱ्यांनी प्लास्टिकवरची पकड आणखी घट्ट केली. डोळे भरून आले तसे त्यांनी ते खांद्याला पुसले, कारण हात मोकळे नव्हते. तिलाही रडू फुटलं, आणि हात तिचेही मोकळे नव्हते. दोघं तशीच नाक ओढत, एका प्लास्टिकच्या खिशाला धरून बसली. कोणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

"पोहता येतं का त्याला?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. पाण्याला घाबरतो. पण यायचं म्हणतोय."

"घाबरतो ना, मग बरंय. बुडतात ते पट्टीचे पोहणारेच."

त्यांनी खिशावर बोट टेकवून पाहिलं. गार झाला होता. कड जराशी वाकडी राहिली होती, पण दांडा नीट आतबाहेर होत होता. उठताना त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला आणि तिने ओढून त्यांना बादलीवर बसवलं.

"आत खुंटीला जाकीट आहे," ते म्हणाले. "घेऊन ये."

ती जागच्या जागी उभी राहिली. मुलाच्या त्या नारिंगी लाइफ जाकिटाला तो गेल्यापासून सासऱ्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. सासूबाईंनाही नाही. ती खाली केबिनमध्ये उतरली, जाकीट छातीशी धरून वर आली आणि तिने ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला. बकल उघडून बघितलं, लावून बघितलं.

"अंगापिंडाने कसा आहे तो?"

"जरा... सुटलेला आहे," ती ओशाळून म्हणाली.

सासऱ्यांनी जाकीट तिच्या हातात दिलं.

"मग पट्टे सैल करून ठेव. आपला बारीक होता."