राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना

"हे स्वर्गीय पित्या," रूथबाईंनी डोळे मिटले, "आम्ही राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करतो."

राज्यकर्ते व्हायला निघालेले किशोरभाऊ पहिल्या बाकावर हात जोडून बसले होते. अकोला महापालिकेचं मतदान गुरुवारी. चर्चमध्ये शिरतानाच त्यांनी रूथबाईंना गाठलं होतं.

"मावशी, आज प्रार्थना तुमची ना? माह्यं नाव घ्या. माह्यं एकट्याचं. निवडून आलो की कब्रस्तानची भिंत उभी!"

भिंत रूथबाईंनाच सगळ्यांत जास्त हवी होती. डुकरं थडगी उकरत. नवऱ्याचा पडलेला क्रूस त्यांनी नुकताच पुन्हा उभा केला होता.

"प्रभू, किशोरभाऊंना आशीर्वाद दे."

"आमेन!" किशोरभाऊ गरजले. कार्यकर्त्यानं शिकवून ठेवलं होतं : मावशी थांबली की आमेन.

"त्यांच्याविरुद्ध उभे आहेत त्यांनाही दे. नागसेन वकिलांना दे. वर्षालीताईंना दे."

"आमेन." जरा हळू.

रूथबाई थांबल्या.

शेवटच्या बाकावर त्यांचा मुलगा दानियल मान खाली घालून बसला होता. दारूचा वास पुढच्या बाकापर्यंत येत होता. काल वस्तीत किशोरभाऊंच्या गाडीतून पेट्या उतरल्या होत्या. सगळ्यांना माहीत होतं. चर्चच्या पाळकसाहेबांनाही.

भिंत.

नवऱ्याचा क्रूस.

दानियल.

भिंत.

"आन प्रभू," प्रार्थनेची शुद्ध भाषा रूथबाईंच्या तोंडून गळून पडली, "काल ज्यानं आमच्या वस्तीत दारू उतरवली, माह्या पोराले पाजली, त्याले हरव. चांगलं हरव. त्याच्या भल्यासाठीच हरव."

"आमेन!" मावशी थांबल्या तसे किशोरभाऊ सवयीनं म्हणून गेले.



मग मागून एक घोगरा आवाज आला. "आमेन." दानियल. मग बायकांची बाजू. मग पुरुषांची. मग, जरा उशिरा, पाळकसाहेब. छपराचे पत्रे वाजले.

दाराशी चपलेत पाय सरकवत किशोरभाऊ म्हणाले, "भिंत विसरा, मावशी."

"विसरली, भाऊ. या आता."

दुपारी सगळे कब्रस्तानात. दानियलनं बाभळीच्या फांद्या तोडून ओढत आणल्या. बायकांनी काटे रचले, पुरुषांनी खुंट ठोकले. पाळकसाहेबांचा हात ओरबाडला, ते कळवळले.

"काहून बोंबलता, साहेब? काटेच हायेत, खिळे नाई," रूथबाई म्हणाल्या. पाळकसाहेबच आधी हसले.

ऊन उतरल्यावर एक धिप्पाड डुक्कर आलं. कुंपणाशी थांबलं. वास घेतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

आणि माघारी वळलं.