फुटकेच जास्त गोड

कोरियात छुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाला सगळे तांदळाच्या पिठीचे मोदकासारखे सोंगप्योन वळायचे, पण लहानग्या सेरिनचे वाफेत हमखास फुटायचे! पारी पातळ, तीळसाखरेचं सारण बचकभर, मग काय होणार? "अगं भवाने, पारी भरतेस की पोतं?" आई खदखदून हसायची, आपले सुबक तिच्या ताटलीत टाकायची आणि फुटलेले स्वतः मटकावायची. "मलाही दे ना फुटका!" "हट्! फुटकेच जास्त गोड लागतात, ते माझे!" यंदा आई गेली. तिच्या नैवेद्याला एक तरी अखंड हवाच म्हणून सेरिन सोल शहरातल्या आपल्या खोलीत एकटीच वळत बसली. झाकण उघडलं, तर खरंच एक शाबूत! तो आईच्या फोटोपुढे ठेवून तिनं आयुष्यात पहिल्यांदाच फुटका खाल्ला. गोडी सगळी पाण्यात गेलेली, नुसता गिळगिळीत लगदा. "आई, किती खोटारडी गं तू!" ती ओरडली. समोरून "हट्!" म्हणायला कुणीच नव्हतं.